खालाच्या छपरावरची पऱ्हाटी

आधी खालाचं सांगते. माझी पोरगी आज जिवंत आहे ती तिच्यामुळे. हे पहिल्या ओळीत लिहिलं नाही तर पुढचं काही लिहायचा मला हक्क नाही.

खाला माझ्या नात्यातली नव्हे. यवतमाळच्या कडेला, जिथे डांबर संपून मुरूम लागतो, तिथे टिनाच्या खोल्यांची एक ओळ होती. त्या ओळीत तिची खोली अगदी टोकाची, एका मोठ्या कडुनिंबाजवळची, आणि आमची मधली. ती पिंजाऱ्याची विधवा. नवरा गेला तरी त्याचं पिंजण तिने खुंटीवर टांगून ठेवलं नाही. तारेवर लाकडी ठोकळा मारत कापूस पिंजायची, लोकांच्या गाद्या-रजया भरायची. केसांत, भुवयांत, ओढणीवर कायम कापसाची लव. लहानमोठे सगळे तिला खाला म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले.

आम्ही मुकुटबनकडचे. माझी शाळा सातवीत सुटली आणि कापूस वेचणं सुरू झालं. लग्नानंतरही तेच, फक्त गाव बदललं. दोघंही दुसऱ्याच्या शेतात. मग अशी काही वर्षं आली की बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी आणि काळा पडलेला कापूस. शेतातच वेचायला काही नाही, तर वेचणाऱ्यांना कोण बोलावणार? नवरा यवतमाळला जिनिंगमध्ये गाठी उचलायला लागला, आणि दसऱ्यानंतर मी तान्ही पोरगी घेऊन त्याच्यामागे आले. गावी मागे कुणी राहिलं नाही.

थंडीत ती टिनाची खोली मला बरी वाटली होती. लिंपायला नको, सारवायला नको. भिंती टिनाच्या, छप्पर टिनाचं, दारही टिनाचं. कोपऱ्यात फळीवर तथागतांची तसबीर आणि तिच्यापुढे दोन मेणबत्त्या. खाला पहिल्यांदा घरात आली तेव्हा वर बघून म्हणाली, "बेटी, उन्हाळा पाह्यला का तू या खोलीतला?"

"नाई. आताच तं आलो."

"मंग आता खुशाल झोपून घे. चैतापासून झोप नाई भेटत इथं."

मी हसले. उन्हाळा काय मला नवा होता?

तीच माझी चूक. मातीच्या घरात वाढलेल्या बाईचीच अशी चूक होऊ शकते. आमच्या गावी कुडाचं घर, त्यावर हातभर जाड लिंपण. सकाळी दहा वाजले की दार लोटायचं, जमिनीवर पाणी शिंपडायचं आणि अंधारात पडून राहायचं. बाहेर आग असली तरी आत माठासारखं गार. आईने हेच केलं, आजीने हेच केलं. ऊन आत येऊ द्यायचं नाही, एवढीच मला उन्हाची विद्या. म्हणून चैत्र लागला तशी मी टिनाच्या खोलीचं दार लावायला लागले. फटींत चिंध्या कोंबल्या, दाराला आतून ओलं लुगडं टांगलं. दुपारी फळीवरच्या मेणबत्त्या मधूनच वाकायच्या, एखाद्या म्हाताऱ्यासारख्या मान खाली घालायच्या. मी त्या सरळ करून ठेवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाकलेल्या. तरी माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मला वाटायचं, दार उघडं ठेवलं तर याहून जास्त तापेल.

त्या उन्हाळ्यात यवतमाळला पाण्याचे हाल होते. टँकर कधी येईल याचा नेम नसायचा. आला की सगळी ओळ पाण्याचे गुंड, बादल्या, ड्रम घेऊन धावायची. वैशाखातल्या एका दुपारी आरडाओरडा झाला, "आला वो टँकर!" पोरगी झोपली होती. वर्षाची होत आली होती, नुकती रांगत बाहेर पळायची. आठवड्यापूर्वी एक कुत्रं घरात शिरलं होतं. मी दाराला बाहेरून कडी घातली, वर कुलूप लावलं आणि पळाले. दहा मिनिटांत येऊ म्हटलं.

टँकरवर भांडण लागलं. कुणाचा पाइप कुणी ओढला, कुणाचा ड्रम सांडला. मी दोन बादल्यांसाठी उभी राहिले. किती वेळ, ते मला आजही सांगता येत नाही. मधेच मन म्हणायचं, जा. मग वाटायचं, एवढं थांबलीस तर आता पाणी घेऊनच जा.

खाला टँकरला आली नव्हती, तिच्याकडे माठ भरलेला होता. ती कडुनिंबाखाली गादीला टाके घालत बसली होती. नंतर तिने मला सांगितलं, की माझ्या खोलीतून आधी पोरगी रडत होती. मग नुसतीच कुरकुरत होती. मग काहीच नाही. "रडून ऱ्हायली होती तवर माह्या जिवाले काई नोतं बेटी. चुप झाली तवा मी उठलो."

तिने दाराला हात लावला तर चटका बसला. हाका मारल्या. मग पिंजणाचा तो लाकडी ठोकळा आणला आणि कडीवर घातला. टिनाचंच दार ते, तिसऱ्या घावाला कडी निखळली.

मी बादल्या घेऊन आले तेव्हा दार वाकडं लटकत होतं. कडुनिंबाखाली, अर्धवट शिवलेल्या गादीवर पोरगी पडली होती. डोळे वर गेलेले. अंगावर घामाचा थेंब नाही, कातडी तव्यासारखी. खाला ओल्या फडक्याने तिची मान, काखा, जांघा पुसत होती आणि एक बाई सुपाने वारा घालत होती. मी गडव्याने तोंडात पाणी घालायला गेले तर खालाने माझा हात झटकला.

"तोंडात नको! शुद्धीत नाई ते. मारतं का लेकराले? आन त्या बादल्या इकडं, अंगावर टाक."

जे पाणी आणायला मी गेले होते, ते असं कामी आलं.

ऑटोतून सरकारी दवाखान्यात नेलं. खाला तिला मांडीवर घेऊन, ओलं फडकं फिरवत. मी बाजूला नुसती बसलेली. नर्सबाईंनी विचारलं, "दार कोणी लावलं होतं?"

"मी."

"टिनाच्या डब्यात कोंडून ठेवते का वो कोणी?"

आमच्याकडे असंच करतात, हे सांगण्यासारखं नव्हतं.

तीन दिवसांनी पोरगी मला ओळखून हसली. डॉक्टर म्हणाले, वाचली, पण पुढच्या उन्हाळ्यात फार जपा. एकदा असं झालेल्या लेकराला पुन्हा व्हायला वेळ लागत नाही. ते वाक्य मी घरी घेऊन आले आणि वर्षभर तेच उशाला घेऊन झोपले. गावी परत जावं तर त्या पावसाळ्यात आमच्या घराची मागची भिंत बसली. लिंपायला कुणी नव्हतं. दुसरी खोली बघावी तर आम्हाला परवडतील त्या सगळ्या टिनाच्याच. नवरा म्हणायचा, "पाहू ना वो, अजून लय टाइम आहे." मी दिवाळीतही छपराकडे बघत बसायची.

खालाने मात्र दुसऱ्याच आठवड्यापासून काम धरलं. आधी तिने हाक सुरू केली. रोज दुपारी एक बाई ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणार आणि प्रत्येक दारापुढे हाक मारणार. आतून "हाव" आलंच पाहिजे. नाही आलं तर सरळ आत शिरायचं, विचारायचं नाही. पाळी लावली. सुरुवातीला लोक चेष्टा करायचे. एक जण आतून ओरडायचा, "मेलो नाई वो अजून, उद्या या!" खाला बाहेरून म्हणायची, "मेलेले असेच बोलते बापा, थोबाड दाखव."

दार उघडं ठेवायचं, हे तिने दारोदार सांगितलं. समोरासमोरच्या भिंतींत वरच्या अंगाला झरोके कापायचे ठरलं. घरमालक भडकला. "माह्या टिनाले भोकं कायले पाडता?"

"भोकं नाई पाडत दादा, हवेले दार करून देतो," खाला म्हणाली. "तुमी या एक दिवस दुपारी. माह्या खोलीत बसा, चहा पाजतो. चहा संपेपर्यंत बसले तं भोकं बुजवतो."

तो आला. चहा अर्धा टाकून उठला. झरोके झाले.

मग पऱ्हाटीची गोष्ट निघाली. कापूस संपला की उभी राहतात ती वाळलेली झाडं, ती पऱ्हाटी. गावाकडे ती चुलीत जाते. खालाचं म्हणणं असं की छपराला चुना मारायचा, वर बांबूंचा सांगाडा बांधायचा, टिनापासून हातभर उंच, आणि त्यावर पऱ्हाटी दाट पसरायची. ऊन पऱ्हाटीने खायचं, खालून हवा जायची. मृग लागायच्या आधी उतरवायची आणि पावसाळाभर जाळायची. आमच्याशेजारची तिखट बाई म्हणाली, "डोक्यावर सरण रचून ऱ्हायली का वो खाला?"

"त्याच्याच साठी म्हणतो, चुली बाहेर काढा. एक चूल, कडुनिंबाच्याई पल्याड. ऊन वर यायच्या आंदी सैपाक उरकायचा."

थंडी संपता संपता एक टेम्पो ठरला. कळंबकडच्या एका शेतकऱ्याला बोंडअळीमुळे शेत लवकर मोकळं करायचं होतं. उपटा आणि घेऊन जा, म्हणाला. ओळीतल्या बाया दोन दिवस गेल्या. हातांना फोड आणून भारे घेऊन आल्या.

मी गेले नाही.

मला जमलंच नाही. पोरगी सोबत नेऊ म्हटलं तर दिवसभर उन्हात. मागे ठेवू म्हटलं तर कुणाजवळ? खाला म्हणाली, माझ्याजवळ ठेव. मी हो म्हटलं, टेम्पोपर्यंत गेले, पाय ठेवला आणि उतरले. त्या दुपारपासून मी तिला नजरेआड केलं नव्हतं. संडासला जातानाही सोबत नेत होते. बायांनी बघितलं. टेम्पो गेला.

तिसरी खेप ठरली होती, ती आलीच नाही. त्या खेपेसाठी ज्याचं शेत ठरलं होतं त्याने अळीच्या धाकाने पऱ्हाटी शेतातच पेटवून दिली. आलेली पऱ्हाटी सगळ्यांना पुरणार नव्हती. कडुनिंबाखाली बसून वाटणी झाली. तिखट बाई स्पष्ट बोलली, "ज्यायनं भारे उचलले त्यायच्या छपरावर आधी. जे टेम्पोतून उतरले त्यायचं काय? आमाले लेकरं नाई का?"

खोटं नव्हतं. तिलाही दोन होती. म्हाताऱ्यांना भारे न उचलता वाटा द्यायचा, हे सगळ्यांनी आनंदाने मानलं. खालाच्या छपरावर पहिल्या दिवशीच पऱ्हाटी चढली. आमच्या छपराला फक्त चुना मिळाला.

चैत्रात मेणबत्त्या पुन्हा वाकायला लागल्या. आता मला त्याचा अर्थ कळत होता. झरोके होते, दार उघडं होतं, चुना होता, तरी दोन वाजता मेणबत्तीची मान खाली जायचीच. मी पोरीला घेऊन दिवसभर कडुनिंबाखाली बसायची. पण दुपारी तिथेही गरम हवा भाजून काढायची आणि पोरगी लाल होऊन निपचित पडायची. दर दहा मिनिटांनी मी तिला हलवून उठवायची, ती रडली की बरं वाटायचं. खाला हे सगळं बघत होती.

वैशाखातल्या एका सकाळी, उजाडताना, मी उठून बाहेर आले तर खाला शिडीवर. तिच्या छपरावरची पऱ्हाटी ती एकेक भारा करून खाली टाकत होती. शेजारचे दोन पुरुष ती उचलून आमच्या छपरावर चढवत होते. मी दारात उभी राहिले. तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "माहं काय, मी दिवसभर झाडाखालीच असतो. उगाच पडून होती."

ती खोटं बोलत होती. वैशाख म्हणजे लग्नसराई. गाद्यांची कामं आली होती, आणि झाडाखाली वारा असला की पिंजलेला कापूस उडतो. पिंजायला तिला खोलीतच बसावं लागायचं. हे मला पक्कं माहीत होतं. मला नको म्हणता आलं असतं. अर्धी घेते, असंही म्हणता आलं असतं. मी आत गेले आणि फळीवरच्या मेणबत्त्या सरळ केल्या.

त्या दुपारी त्या वाकल्या नाहीत. दोन वाजले, तीन वाजले, तशाच उभ्या. मी रडले. आनंदाने रडले, हे कबूल करते.

खालाला मी म्हटलं, दुपारी आमच्या खोलीत या, इथेच काम करा. ती चार-पाच दिवस आली. फळीवरच्या उभ्या मेणबत्त्या मी तिला दाखवल्या. ठोकळ्याचा आवाज पोरीला आवडायचा. ती टाळ्या वाजवायची, खाला मुद्दाम ताल धरायची. "पाह्य, पाह्य, नाचून ऱ्हायली तुही राणी!" पण कापसाची लव खोलीभर उडायची आणि पोरीला खोकला लागला. साधा खोकला. पण माझ्या डोक्यात तेव्हा साधं काहीच नव्हतं. सहाव्या दिवशी ती पिंजण घेऊन दारात आली आणि मी म्हटलं, "खाला, कापूस उडते ना. पोरीले खोकला येते."

एवढंच म्हटलं. येऊ नका, असं म्हणाले नाही. पिंजण ठेवून नुसत्या या, असं म्हणाले असते तरी चाललं असतं. तेही म्हणाले नाही.

"हाव गे, बरोबर आहे," ती म्हणाली. "लहान जीव आहे." आणि परत गेली. दुसऱ्या दिवशीपासून तिच्या उघड्या टिनाखालून ठोकळ्याचा आवाज यायला लागला. मी ऐकायची. आवाज येतो आहे ना, मग ठीक आहे, असं मनाला सांगायची.

ज्या दिवशी तो थांबला, त्या दिवशी हाकेची पाळी माझीच होती. पोरगी झोपेना म्हणून मी उशिरा निघाले, तिला कडेवर घेऊन. एकेका दारी "हाव" घेत पुढे गेले. खालाची खोली शेवटची. दार सताड उघडं. हाक मारली. पुन्हा मारली. आत शिरले तर ती पिंजलेल्या कापसावर एका कुशीवर पडलेली, ठोकळा हातातच. चेहरा कोरडा आणि तापलेला.

तिनेच शिकवलेलं सगळं केलं. तोंडात पाणी घातलं नाही. ओढून झाडाखाली आणलं, मान, काखा ओल्या केल्या, वारा घातला. तीच तिखट बाई ऑटोच्या मागे अनवाणी पळत गेली आणि ऑटो घेऊन आली. त्याच दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी बसले, पोरगी मांडीत. पोरगी माझ्या गालाला हात लावून म्हणत होती, "खा, खा." खाला या नावातलं तिला तेवढंच म्हणता यायचं.

खाला वाचली. पण उजवा हात थरथरायला लागला तो राहिला. सुई धरता येईना, ठोकळा धरता येईना. तिची लेक दारव्ह्याकडून आली आणि तिला घेऊन गेली. निघताना मी तिचे पाय धरले आणि म्हटलं, "खाला, माह्यामुळं झालं."

"चुप," ती म्हणाली. "मेणबत्ती उभी आहे ना?"

"हाव."

"मंग झालं."

तिची पऱ्हाटी अजून आमच्या छपरावर होती. मृगाच्या आधी आम्ही ती उतरवली. ओळीने ती जाळायला वाटून घेतली. माझ्या वाट्याची मी जाळू शकले नाही. पावसात भिजून ती कुजली. पुढच्या वर्षी ओळीने चार खेपा आणल्या आणि पोरीला तिखट बाईजवळ ठेवून मी चारही खेपांना गेले. आधी म्हाताऱ्यांची छपरं, मग लेकरांची, भारे कुणीही उचललेले असोत, असं ठरलं. खालाच्या खोलीत दुसरी माणसं आली होती, त्यांच्याही छपरावर मी चढले.

मग ती जागा विकली गेली, खोल्या मोडल्या आणि ओळ पांगली. आम्ही इकडे सुरतेला आलो. गावापासून एवढ्या लांब, की इथे पऱ्हाटी म्हटलं तर कुणाला कळत नाही. आता डोक्यावर स्लॅब आहे. पोरगी चौथीत आहे, मी सातवीत थांबले ते तिला माहीत आहे, त्यावरून मला चिडवते. पण उन्हाळा आला की मी अजून दुपारी दोन वाजता फळीकडे बघते. मेणबत्त्या सरळ असतात. तरी उठून पोरीच्या कपाळाला हात लावते. ती म्हणते, "आई, मले काई नाई झालं वो."

खालाची खबर कुणाकडून तरी येते. लेकीकडेच आहे म्हणतात. लेकीचं घर कसं आहे, असं मी प्रत्येक वेळी विचारते. टिनाचं आहे म्हणतात.

खाला, हे तुम्हाला कुणी वाचून दाखवलं तर ऐका. मी येईन. शेतं मोकळी होतात त्या दिवसांत येईन, पोरीला घेऊन. भारे मी स्वतः उपटून आणीन, सांगाडा बांधीन, टिनापासून हातभर उंच, आणि तुमच्या डोक्यावर दाट पऱ्हाटी पसरीन. मग खाली तुमच्याजवळ बसेन आणि पिंजणही आतच ठेवेन. कापूस उडाला तर उडू द्या.